आईच्या साडीच्या स्क्रंच्या आणि सैल पडलेलं इलॅस्टिक

वाचकाचं पत्र

मी कोपरखैरण्याला राहते, नोकरी ठाण्यात. सकाळी न्हाऊन केस ओलेच बांधते आणि ट्रेन पकडते. माझ्याकडे स्क्रंच्या (केस बांधायचे, आत इलॅस्टिक असलेले चुणीदार कापडी बंध), बो, हेअरबँड मिळून मोठा डबाभर ऐवज आहे. त्यातल्या काही स्क्रंच्या आईनं तिच्या सुती साड्यांच्या शिवून दिलेल्या. आई आता नाही. पावसाळ्यात डबा उघडला की वास येतो, सॅटिनवर तेलाचे डाग पडलेत, निम्म्यांचं इलॅस्टिक ढिलं झालंय. सासूबाई म्हणतात, चिंध्या झाल्यात, टाकून दे सगळं. माझी मुलगी चौथीत आहे, तीही याच डब्यातून घेते आणि गेल्या आठवड्यात तिच्या डोक्यात उवा सापडल्या. धुवायचं कसं, किती दिवसांनी, आणि टाकायचं काय?

— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर

ताई,

आधी उवांचं बघू, बाकीचं आठ दिवस थांबलं तरी चालेल.

ऊ डोक्यावरून खाली पडली की तिला रक्त मिळत नाही आणि एक-दोन दिवसांत ती मरते. ती उडी मारत नाही, उडतही नाही. शाळेच्या बाकावर किंवा खेळताना डोक्याला डोकं लागतं, तिथून ती मुख्यतः पसरते. त्यामुळे अख्खा डबा उवांनी भरला असेल ही भीती मनातून काढा. मुलीनं गेल्या दोन-तीन दिवसांत जे जे केसांत घातलं, तेवढंच बाजूला काढा. सुती आणि पॉलिस्टरच्या वस्तू कडक गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी 54 अंशांच्या वर हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं गरम. कंगवे, ब्रशही त्यातच टाका. एवढ्या गरम पाण्यानं इलॅस्टिकचं आयुष्य कमी होतं, म्हणून हे फक्त याच वेळी करायचं. रेशमी, मखमली किंवा आत फोम असलेल्या वस्तूंना गरम पाणी चालत नाही. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवून द्या. डोक्यावरचा उपाय म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि बारीक दातांची फणी. तो न करता नुसत्या रिबिनी उकळत बसलात तर उपयोग नाही.

आणि आजपासून मुलीचा डबा वेगळा करा. उवा गेल्यावर पुन्हा एक करू नका. डोक्यावरचा नायटा, ज्याला गजकर्ण म्हणतात, तोही एकमेकांचे कंगवे आणि केसांच्या वस्तू वापरल्यानं पसरतो. मैत्रिणींबरोबर स्क्रंची बदलून घालायची नाही हे मुलीला सांगाच. चौथीतल्या मुलीला कारण नीट सांगितलं की कळतं.

आता डब्याच्या वासाकडे येते. एकेक वस्तू नाकाजवळ धरून बघा. काहींना खवट वास येईल, काहींना कुबट. खवट वास तेलाचा. केसांचं खोबरेल कापडात मुरतं, हवेतल्या प्राणवायूनं त्याचं रूप बदलतं, मग ते पिवळं पडतं आणि वास मारू लागतं. कुबट वास ओलीचा. तुमच्या पत्रातली एक ओळ मला तिथेच टोचली. ओले केस बांधून तुम्ही कोपरखैरण्याहून ठाणे गाठता, मग दिवसभर एसीत बसता. तोपर्यंत केसांच्या मध्यभागी गुंडाळलेलं कापड ओलंच राहतं. संध्याकाळी तेच काढून डब्यात टाकलं की पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाळतच नाही. त्यात जंतू आणि बुरशी वाढते, आणि शेजारच्या कोरड्या वस्तूंनाही तो वास लागतो. म्हणून नुसतं धुवून भागणार नाही, सवय बदलावी लागेल.

केसांच्या बाजूनंही ते बरं नाही. ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि जास्त ताणला जातो. ओल्यावर घट्ट पोनी बांधली तर रबराच्या जागीच तो तुटतो. सकाळी वेळ नसतो हे मला मान्य आहे. मग रात्री न्हा, किंवा सकाळी केस मोकळे ठेवून, फार तर पंजाचा चाप लावून निघा आणि ठाण्याला उतरल्यावर बांधा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत मोकळे केस नकोसे वाटत असतील तर सैल वेणी घालून टोकाला बारीकशी स्क्रंची लावा. ओल्या केसांचा बुचडा आणि त्यावर जाड मखमली स्क्रंची, ही जोडी मात्र बंद करा.

किती दिवसांनी धुवायचं, याचं माझं मत सांगते. रोजच्या वापरातली स्क्रंची आठवड्यातून एकदा. कपाळाला टेकणारा हेअरबँड आठवड्यातून दोनदा, कारण घाम, पावडर, क्रीम सगळं त्यात जातं आणि कपाळावर पुटकुळ्या येतात. रेशमी वस्तू चार-पाच वेळा घातल्यावर. रात्री तेल लावून केस बांधायला एक साधी सुती स्क्रंची वेगळी ठेवा आणि ती दर वापरानंतर धुवा. ही एक सवय लागली तर तुमच्या सॅटिनवरचे निम्मे डाग पडायचेच थांबतील.

सॅटिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेकजणी फसतात. सॅटिन हा विणीचा प्रकार आहे, धाग्याचा नव्हे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सॅटिनच्या स्क्रंच्या जवळजवळ सगळ्या पॉलिस्टरच्या असतात. पॉलिस्टरला पाणी नकोसं आणि तेल हवंहवंसं, म्हणून तेलाचा डाग त्यात घट्ट बसतो आणि नुसत्या कपड्यांच्या पावडरनं हलत नाही. डाग कोरडा असतानाच त्यावर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बोटानं हलकेच चोळा आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. मगच कोमट पाणी घाला. आधी पाणी लावलंत तर लिक्विड पातळ होतं आणि तेलाला धरत नाही. खोबरेल साधारण 24-25 अंशांना वितळतं, तेव्हा थंडीच्या दिवसांत नळाच्या गार पाण्यात ते गोठून धाग्यात बसतं. पाणी कोमट हवं, पण हाताला चटका बसेल इतकं नको. जुना पिवळा डाग एका धुण्यात जाणार नाही, दोनतीनदा करावं लागेल. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं तो पक्का होतो.

खरं रेशीम आहे की पॉलिस्टर हे ओळखायला आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशीम असेल तर रोजची पावडर त्याला लावू नका. बऱ्याच पावडरींमध्ये रक्ताचे, अन्नाचे डाग काढण्यासाठी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे. गार पाण्यात थोडा सौम्य शाम्पू किंवा रिठ्याचं पाणी घ्या, दोनतीन मिनिटं हलवा, दोनदा खळबळा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. ब्लीच कधीच नको. क्लोरीनच्या ब्लीचनं रेशीम खराब होतं आणि इलॅस्टिकमधला ताणणारा धागाही मरतो.

पैठणीच्या किंवा जरीच्या काठाच्या स्क्रंच्या हल्ली खूप दिसतात. सुंदर असतात, पण केस बांधायला मी त्या घेणार नाही. जरीचा धागा खरखरीत असतो, त्यात केस अडकतात आणि तुटतात, आणि घामानं तो काळवंडतोही. जरीचा काठ चापावरच्या बो-ला लावा म्हणजे त्यावर ताण येत नाही. तो धुवायचा नाही. कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि मलमलीत गुंडाळून ठेवा. खणाच्या बो-चा रंग जातो का ते आधी तपासा. पांढरा ओला कपडा त्यावर दाबून धरा, रंग लागला तर तो बो कायम एकटाच, गार पाण्यात, झटपट धुवायचा. पाण्यात मीठ घातल्यानं रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण हल्लीचे रंग त्यानं थांबत नाहीत.

मखमलीवर इस्त्री नको, तिची लव बसते. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ असताना टांगून ठेवा आणि मऊ ब्रशनं लव एका दिशेला उभी करा. फोम भरलेला जाड हेअरबँड बादलीत बुडवू नका, तो आतून दोन दिवस वाळत नाही. साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा आणि लगेच पंख्याखाली धरा. आपल्याकडच्या दमट हवेत हा फोम काही वर्षांत आपोआप चिकट होतो किंवा त्याचा भुगा पडतो. त्यात तुमची काही चूक नसते. गरम गोंदानं चिकटवलेल्या बो-ला कोमट पाणीही नको, गोंद सुटतो. चापाच्या लोखंडाचा गंज कापडाला लागला असेल तर त्यावर ब्लीच अजिबात टाकू नका, डाग पक्का होईल. पांढरं सुती असेल तर लिंबू आणि मीठ लावून बघा.

मशीनमध्ये धुवायचं असेल तर जाळीच्या पिशवीत, सौम्य फेरीवर. त्याआधी स्क्रंचीच्या चुण्यांत अडकलेले केस जुन्या टूथब्रशनं काढा, नाहीतर ते धुण्यात आणखी गुंततात. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर साबणाला फेस कमी येतो आणि कापडावर पांढरट कडक थर राहतो. तो थर केसांनाही घासतो. मोरबे धरणाचं नळाचं पाणी येतं त्या वेळी या वस्तू धुवा, निदान शेवटचं पाणी तरी त्याचं घ्या.

वाळवताना चिमट्यानं लटकवू नका. ओल्या कापडाच्या वजनानं इलॅस्टिक ताणलं जातं. स्टँडवर आडवं पसरा. पावसाळ्यानंतर उन्हात अर्धा तास ठेवलं तर कुबट वास निघतो, पण दुपारभर उन्हात टाकून विसरू नका, ऊन रबराला कडक करतं आणि रंग उडवतं. पूर्ण वाळल्याशिवाय काहीही डब्यात जायचं नाही. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका. डांबरगोळ्या मात्र नकोत. त्या किड्यांसाठी असतात, बुरशी त्यांनी थांबत नाही, आणि तो वास डोक्यावर घेऊन दिवसभर फिरायचं काही कारण नाही. न्हाणीघरातल्या हुकवर स्क्रंच्या अडकवून ठेवत असाल तर ती जागा आजच बदला.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या निम्म्या बरोबर आहेत. तुमच्या डब्यात फेकण्यासारखं बरंच असणार. पण स्क्रंचीत दोन वेगवेगळ्या वस्तू असतात, कापड आणि इलॅस्टिक. अमेरिकेत रॉमी रेव्हसन या गायिकेनं 1987 साली हिचं पेटंट घेतलं, तेव्हा कल्पनाच अशी होती की पकड इलॅस्टिकनं धरावी आणि केसांना स्पर्श मात्र कापडाचा व्हावा. या दोघांचं आयुष्य सारखं नसतं. इलॅस्टिकमधला रबर किंवा स्पॅन्डेक्सचा धागा तेल, घाम, ऊन आणि उष्णता यांनी थकतो. रोज वापरलंत तर काही महिन्यांत त्याचा जीव जातो. चांगलं सुती कापड त्याच्या कितीतरी पुढे टिकतं. म्हणून इलॅस्टिक ढिलं झालं म्हणून स्क्रंची टाकणं मला चुकीचं वाटतं. आणि कापड विरलेलं असताना इलॅस्टिक घट्ट आहे म्हणून ती घालत राहणंही तितकंच चुकीचं.

इलॅस्टिक बघायचं तर स्क्रंची दुप्पट ताणा आणि सोडा. लगेच मूळ आकारात आली तर ठीक. ताणताना आतून करकर ऐकू आली, किंवा पूर्वी दोन वेढे पुरायचे तिथे आता तीन लागतात, तर ते गेलं. तिसरा वेढा घातलात की ताण वाढतो, केसांच्या मुळांना ओढ बसते आणि कानशिलं दुखायला लागतात. रोज अशी ओढ बसत राहिली तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, आणि फार वर्षं चाललं तर ते परत येत नाहीत. कापड बघायचं तर खिडकीसमोर उजेडात धरा. कुठे जाळीसारखं दिसतंय का, शिवणीपाशी फसकलंय का, बघा. चुण्यांच्या घडीवर सगळ्यात आधी विरतं.

सगळ्यात खरी परीक्षा केसांचीच. स्क्रंची सोडल्यावर तिच्यात अडकलेले केस नीट बघा. मुळाशी बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस आपोआप गळलेला, रोज थोडे गळतातच. ठिपका नसेल तर तो मधूनच तुटलाय. तुटलेलेच जास्त दिसत असतील तर ती स्क्रंची कितीही नवी, कितीही महाग असली तरी बाजूला काढा. आतली शिवण खरखरीत असेल, कुठे गोंद कडक झाला असेल, किंवा इलॅस्टिकचा जोड धातूचा असेल.

आईच्या स्क्रंच्यांबद्दल. त्या टाकू नका. सासूबाईंना ही गोष्ट शांतपणे सांगा, त्यांनाही आईच्या हातच्या शिवणीची किंमत कळेल असं मला वाटतं. जुनं सुती लुगड्या-साडीचं कापड मऊ झालेलं असतं, केसांना त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण धागा थकलेला असतो. त्याला खळ घालू नका, कडक झालेला जुना धागा दुमडला की तुटतो. कोमट पाण्यात हातानं धुवा, घासू नका.

इलॅस्टिक असं बदला. स्क्रंचीवर कुठेतरी चारपाच सेंटिमीटरचा भाग हातशिलाईनं बंद केलेला असतो, आईनं शेवटी तिथेच टाके घातले असणार. तेवढेच टाके उसवा. जुनं इलॅस्टिक बाहेर खेचून कापा, त्याच्या एका टोकाला नवीन इलॅस्टिक टाक्यानं जोडा आणि दुसऱ्या टोकानं जुनं ओढा. नवं त्याच्यामागून आपोआप ओवलं जातं, सेफ्टी पिन लागत नाही आणि चुण्या जशाच्या तशा राहतात. साधारण सहा मिलिमीटर रुंदीचं इलॅस्टिक घ्या. दाट केसांना 18 ते 20 सेंटिमीटर पुरतं, मुलीसाठी 15-16. जुनं मोजून नवं कापू नका, ते ताणून लांब झालेलं असतं. टोकं एकावर एक सेंटिमीटरभर ठेवून शिवा. गाठ मारलीत तर ती बांधताना टोचते. इलॅस्टिक कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मीटरवर मिळतं. तुम्ही ठाण्याला उतरताच, तर संध्याकाळी गाडी पकडण्याआधी जांभळी नाक्याच्या बाजाराकडे एक चक्कर मारा. शिवता येत नसेल तर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना द्या, पाच मिनिटांचं काम आहे. पण मी म्हणेन, एक तरी स्वतः करून बघा.

एखाद्या स्क्रंचीचं कापड आधीच विरलं असेल तर नवं इलॅस्टिक घालूनही ती टिकणार नाही, ताणानं फाटेल. तिचं कापड उसवून आतून पातळ मलमलीचा आधार द्या आणि त्याचा बो करून चापावर लावा. रोज वापरायला आईच्या दोनच काढा, आलटून पालटून. उरलेल्या सणावारी. आणि एक अशी ठेवा जिचं काही उसवायचं नाही, बदलायचं नाही. ती धुवून, इलॅस्टिक ढिलं असेल तसंच, सुती फडक्यात ठेवून द्या.

टाकायचं काय, तर काळे ठिपके धाग्यात बसलेल्या बाजारच्या वस्तू, ती बुरशी आहे. चिकट झालेले फोमचे हेअरबँड. गंजलेले चाप. दोन धुण्यांनंतरही खवट वास न गेलेलं सॅटिन. आतलं रबर कापडातून बाहेर डोकावतंय अशा सगळ्या. मुलीच्या डोक्यावर डॉक्टरांना नायटा दिसला, तर त्या काळात तिनं घातलेल्या स्वस्त स्क्रंच्या धुवत न बसता टाकून द्या. टाकताना इलॅस्टिक कापून वेगळं करा. सुती कापड चांगलं असेल तर चाप आणि आरसे पुसायला ठेवा. आईच्या एखाद्या स्क्रंचीवर बुरशीचे ठिपके असतील तर ती वाळलेली असताना बाल्कनीत, घराबाहेर झटका, मग धुवा. डाग राहिला तरी वास गेला असेल तर ठेवायला हरकत नाही, फक्त केसांत घालू नका.

मुलीच्या शाळेच्या रिबिनी राहिल्या. त्यांना इलॅस्टिक नसतं, म्हणून त्या सगळ्यात जास्त टिकतात आणि सगळ्यात कमी धुतल्या जातात. दर शनिवारी मोज्यांबरोबर भिजवत असाल तर वेगळ्या भिजवा. टोकं सुटत असतील तर ती मेणबत्तीच्या आचेजवळ, ज्योतीला न लावता, क्षणभर धरा. नायलॉनची रिबीन वितळून कड बंद होते. सुती असेल तर तिरकी कापून दुमडून शिवा. तीन जोड ठेवा आणि ते मुलीच्या नव्या डब्यात तिलाच घडी घालून लावू द्या.